चष्म्यातला कवडसा



गुरुजींच्या स्मृतिव्याख्यानात प्रकाशाबद्दल बोलावं असा निरोप आला, तेव्हा मला आधी आठवला तो पत्र्याचा एक तुकडा. आम्ही सातवीत होतो. गुरुजी वर्गाला अजिंठ्याची लेणी बघायला घेऊन गेले होते. पहिल्या लेण्याच्या बाहेर, उन्हात, एक माणूस चकचकीत पत्रा दोन्ही हातांत तिरका धरून उभा होता. आत जमिनीवर पांढरी चादर अंथरलेली. पत्र्यावरचं ऊन दारातून आत शिरायचं, चादरीवर पडायचं, आणि तिथून उसळून सगळ्या दालनात मऊ उजेड पसरायचा. आम्ही सगळे भिंतीवरच्या पद्मपाणीच्या चित्राकडे बघत होतो. गुरुजींनी माझे खांदे धरून मला दाराकडे वळवलं आणि म्हणाले, "अरे, चित्र सगळेच बघतात. उजेड कुठून आला ते बघ."

पुढे मी भौतिकशास्त्र शिकलो आणि शिकवलं. भिंगं, आरसे, लोलक यांच्याच संगतीत माझी नोकरी झाली. आज ज्या वस्तूंबद्दल बोलणार आहे त्या अगदी नव्या आहेत. डोक्याला बांधायचे हेडसेट आणि साध्या चष्म्यासारखे दिसणारे स्मार्ट चष्मे. समोरचं जग दिसत असतानाच त्यावर संगणकाचं चित्र उमटवतात, म्हणून याला मिश्र वास्तव म्हणतात. संगणकाबद्दल पुष्कळ बोललं जातं. मी फक्त डोळा आणि पडदा यांच्यातल्या त्या दोन-तीन सेंटीमीटरच्या जागेबद्दल बोलणार आहे, कारण खरी लढाई तिथे चालली आहे.

आणि ती इथे, अजिंठ्यात सांगण्याचं कारण असं. ही चित्रं इतरांना दाखवायची म्हणून गेली दोनशे वर्षं जो जो इथे आला, त्यानं भिंतीवर काही ना काही आणलं. कुणी दिवा आणला, कुणी वार्निश चढवलं आणि ते पुढे पिवळं पडलं, कुणी फ्लॅश उडवला. चित्र दाखवायचं तर चित्रावर उजेड पाडायचा, हे आपण गृहीतच धरलं होतं. उजेड भिंतीवर न पाडता थेट बघणाऱ्याच्या डोळ्यात नेऊन सोडणारी साधनं आता तयार होत आहेत.

या साधनांची सुरुवातही याच गावातून सांगता येते. १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला वाघूर नदीच्या घळीत दहाव्या लेण्याची कमान दिसली, हे आपल्याकडे पोरंसोरंही सांगतात. १८४४ मध्ये कंपनी सरकारनं मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिलला चित्रांच्या नकला करायला नेमलं. गिल म्हटलं की या गावात त्याच्या सहचरीचं, पारोचं नाव निघणारच, तिची कबर इथेच आहे. मला मात्र गिलच्या कॅमेऱ्याबद्दल सांगायचं आहे. त्यानं रंगवलेल्या मोठ्या नकला लंडनला गेल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या गेल्या आणि १८६६ च्या आगीत जवळजवळ सगळ्या जळाल्या. त्याआधीच गिल छायाचित्रांकडे वळला होता. १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याच्या छायाचित्रांची पुस्तकं लंडनमध्ये निघाली. त्यांतल्या एकात पश्चिम भारतातल्या वास्तू आणि निसर्ग यांची शंभर जोडचित्रं होती.

जोडचित्र म्हणजे काय? आपल्या दोन डोळ्यांत साधारण सहा सेंटीमीटरचं अंतर असतं, त्यामुळे दोघांना किंचित वेगळं दृश्य दिसतं. त्या फरकावरून मेंदू खोली ओळखतो. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये हे दोन आरशांनी दाखवून दिलं. डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८४९ च्या सुमारास आरशांच्या जागी भिंगं बसवून हातात मावणारी पेटी केली. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली आणि मग घरोघर पोचली. ते प्रदर्शन भरलं होतं त्याच क्रिस्टल पॅलेसमध्ये, जो पुढे हलवून सिडनहॅमला उभारला गेला. जोडचित्राच्या पेटीला नाव मिळवून देणाऱ्या इमारतीतच गिलच्या रंगीत नकला राख झाल्या, आणि त्याची जोडचित्रं मात्र कागदावर, पेटीत, टिकून राहिली. ही गोष्ट माझ्या मनातून कधीच गेलेली नाही.

आजचा हेडसेट म्हणजे मूळची तीच पेटी. दोन डोळे, दोन भिंगं, दोन चित्रं. कागदाच्या जागी पडदा आला आणि डोकं हललं की चित्रही हलू लागलं. मग अडचण कुठे आली? वजनात.

शाळेत आपण शिकतो की निरोगी डोळ्याला आरामात स्पष्ट बघायला वस्तू निदान पंचवीस सेंटीमीटर लांब हवी. नाकाजवळ धरलेलं पुस्तक वाचता येत नाही. डोळ्यापासून चार बोटांवर ठेवलेला पडदा दिसायचा तर मध्ये भिंग हवं. पडदा त्याच्या नाभीजवळ ठेवला की किरण बाहेर पडताना समांतर होतात आणि चित्र लांबवर असल्यासारखं दिसतं. पेटी पातळ करायची तर नाभीय अंतर कमी करायला हवं. तसं केलं की भिंग फुगतं, जड होतं, आणि कडेची चित्रं वाकडी दिसतात. यावर पहिला उपाय दीपगृहांतून उचलला. फ्रेनेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जाड भिंगाची वर्तुळाकार कापं करून ती एका पातळ तबकडीत बसवली होती. २०२० सालापर्यंतचे बरेच हेडसेट त्याच भिंगावर चालले. दोष असा की त्या वर्तुळांच्या कडांवर प्रकाश विखुरतो आणि काळोखातल्या उजळ वस्तूला फराटे फुटतात. काळ्या पार्श्वभूमीवर मोत्यांची माळ दाखवायची असेल, तर याहून वाईट भिंग नाही.

दुसरा उपाय मला फार देखणा वाटतो. नऊवारी लुगडं सरळ पसरलं तर ओसरी पुरत नाही, घडी घातली की ट्रंकेच्या कोपऱ्यात बसतं. प्रकाशाचीही घडी घालता येते. एका बाजूला अर्धपारदर्शक आरसा, दुसऱ्या बाजूला असा पापुद्रा की जो एका दिशेनं कंप पावणारा प्रकाश परतवतो आणि दुसऱ्या दिशेचा सोडतो. पडद्याचा प्रकाश आरशातून आत येतो, पापुद्र्यावरून मागे फिरतो, आरशावर आपटून पुन्हा पुढे येतो, आणि या येरझारीत त्याच्या कंपनाची दिशा वळवलेली असल्यानं आता तोच पापुद्रा त्याला वाट देतो. एकाच जागेतून तीन खेपा झाल्या, म्हणून जागा तिपटीनं वाचली. याला पॅनकेक भिंग म्हणतात. मेटाच्या क्वेस्ट ३ मध्ये ते २०२३ साली आलं. अ‍ॅपलच्या व्हिजन प्रोमध्ये २०२४ साली आलं, आणि त्याच्या नखांएवढ्या दोन पडद्यांवर मिळून २ कोटी ३० लाख पिक्सेल आहेत. पण घडीची किंमत मोजावी लागते. आरशातून आत येताना निम्मा प्रकाश जातो, आरशावरून परतताना उरलेल्यातला निम्मा. सगळं अगदी अचूक बनवलं तरी शंभरातले पंचवीसच भाग डोळ्याला मिळतात. आणि व्हिजन प्रोचं वजन आजही ६०० ग्रॅमच्या वर आहे. एवढं वजन कपाळावर घेऊन तुमच्यापैकी कुणी लेण्यांच्या पायऱ्या चढावं असं मी म्हणणार नाही.

शिवाय अशा बंद हेडसेटमध्ये भिंत प्रत्यक्ष दिसतच नाही. कॅमेऱ्यानं टिपलेली भिंत दिसते. अजिंठ्यापर्यंत येऊन अजिंठ्याचं चलच्चित्र बघायचं, हे मला मान्य नाही. घरी अंथरुणाला खिळलेल्या आजीसाठी तो हेडसेट मोलाचा आहे. लेण्यात उभं राहायचं तर काच आरपार हवी.

आरपार काचेत चित्र आणायचं कसं? याचं उत्तर आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांत रोज तयार होतं. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा आणि वाळूज इथे स्टरलाइट टेक्नॉलॉजीजच्या कारखान्यांत शुद्ध काचेचा दांडा करून त्यापासून केसासारखे तंतू ओढतात. तंतूची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा हिस्सा. एका टोकाला शिरलेला प्रकाश तिरका जाऊन काचेच्या कडेवर आदळतो, बाहेर पडू शकत नाही, आत परततो, पुन्हा आदळतो, आणि असा मैलोगणती जातो. पुस्तकात याला पूर्ण अंतर्गत परावर्तन म्हणतात. स्मार्ट चष्म्याची काच म्हणजे हाच तंतू चपटा केलेला. चष्म्याच्या काडीत हरभऱ्याएवढा प्रक्षेपक असतो. त्याचं चित्र काचेच्या कडेनं आत शिरतं, दोन पृष्ठभागांमध्ये उड्या मारत डोळ्यासमोर येतं, आणि तिथे त्याला बाहेर काढावं लागतं.

हे बाहेर काढणं अवघड. एक पद्धत आहे काचेवर अतिबारीक रेघा आखायची, केसाच्या जाडीत दीड-दोनशे रेघा मावतील एवढ्या बारीक. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्समध्ये अशा रेघा होत्या. रेघांवर प्रकाश वळतो, पण तांबडा वेगळा वळतो, निळा वेगळा. सीडीवर तुम्ही इंद्रधनुष्य पाहिलंय, तेच इथे चित्रात घुसतं. दुसरी पद्धत मला आपल्या पत्र्यावाल्याची आठवण करून देते. काचेच्या आत एकामागे एक तिरके, अर्धवट आरसे बसवायचे. प्रत्येकानं थोडासा उजेड डोळ्याकडे वळवायचा आणि बाकीचा पुढच्याकडे जाऊ द्यायचा. लेण्याच्या दारापासून गर्भगृहापर्यंत पत्रे घेऊन माणसं रांगेत उभी केल्यासारखं. पहिल्यानंच सगळं ऊन खाल्लं तर शेवटच्याच्या वाट्याला काही उरत नाही. प्रत्येक आरशाचं प्रमाण वेगळं ठरवावं लागतं आणि सगळे एकमेकांना अचूक समांतर लागतात, नाहीतर एकाची दोन चित्रं दिसतात. २०२५ मध्ये आलेला मेटाचा रे-बॅन डिस्प्ले हा चष्मा याच जातीचा. वजन ६९ ग्रॅम, आणि चित्राची चौकट २० अंशांची.

वीस अंश म्हणजे किती? दोन मीटरवरच्या भिंतीवर जेमतेम सत्तर सेंटीमीटर. पद्मपाणीचा चेहरा त्यात बसेल, पण सतराव्या लेण्यातली सिंहलाच्या कथेची भिंत बसणार नाही. चौकट मोठी करायची तर काच अशी हवी की जी प्रकाशाला जास्त कोनांत अडवून धरेल. साध्या काचेचा अपवर्तनांक १.५, तिचा क्रांतिक कोन ४२ अंशांच्या आसपास. सिलिकॉन कार्बाइडचा अपवर्तनांक सुमारे २.६, त्याचा कोन २३ अंशांच्याही आत. २०२४ मध्ये मेटानं ओरायन नावाचा नमुना दाखवला. विक्रीला न काढलेला हा चष्मा याच स्फटिकाचा आहे आणि त्याची चौकट सुमारे ७० अंशांची आहे. सिलिकॉन कार्बाइड आपल्या लोकांना वेगळ्या नावानं ठाऊक आहे. सहाणेच्या चाकांत आणि घासायच्या कागदांत असतं ते कार्बोरंडम. धार लावायची वस्तू शुद्ध आणि पारदर्शक केली की ती डोळ्यासमोर धरायच्या लायकीची होते. अडचण किमतीची आहे. अतिशय कठीण असलेला हा स्फटिक कापायला आणि घासायला फार वेळ लागतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. रेघांच्या काचेत शिरलेल्या प्रकाशाचा शंभरातला एखादा भागही डोळ्यापर्यंत पोचत नाही. शिवाय आरपार काच फक्त उजेड वाढवू शकते, काळोख वाढवू शकत नाही. तिला काळा रंग दाखवताच येत नाही. मागे एकदा असा एक उसना चष्मा घेऊन मी मे महिन्यात दुपारी फर्दापूरच्या फाट्यावर उभा राहिलो. काही म्हणजे काही दिसलं नाही. उन्हात पांढुरक्या भिंतीची चमक निट या एककात नऊ-दहा हजार भरते. तिच्यापुढे चष्म्याचं चित्र म्हणजे भर दुपारची पणती.

नाजूक चित्रांवर मात्र संग्रहालयं ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत. तेवढ्या उजेडात तशीच भिंत चमकते ती पाचेक निट. दोन हजार पटींचा फरक! दिवसाच्या उन्हात हरणारा चष्मा लेण्याच्या काळोखात सहज जिंकतो. त्यावर शंभर निटचं चित्र पुरून उरतं, आणि तेवढ्यासाठी लागणारी वीज इतकी कमी की चष्मा गरमही होत नाही. जगभरचे अभियंते या चष्म्याला ऊन कसं सोसवायचं या विवंचनेत आहेत. त्याला हवा तसा काळोख इथे पंधराशे वर्षं जपून ठेवलेला आहे.

आणखी एक योग आहे. बोट नाकाजवळ आणा, डोळे आत वळतात आणि डोळ्यातलं भिंगही फुगतं. या दोन क्रिया जोडीनं चालतात. हेडसेटमध्ये त्यांची ताटातूट होते. चित्र जवळ आल्यासारखं दिसतं, डोळे वळतात, पण पडद्याची प्रतिमा ठरलेल्या अंतरावरच असते, म्हणून भिंगाला तसंच राहावं लागतं. डोकं दुखण्याचं हे एक मोठं कारण. होलोलेन्समध्ये हे अंतर दोन मीटर ठेवलं होतं. लेण्यात कठड्यामागे उभं राहून आपण भिंत बघतो तीही साधारण तेवढ्याच अंतरावरून. चित्र भिंतीवरच बसवायचं असेल तर डोळ्याची ओढाताण होतच नाही.

अडतं ते नेमकेपणावर. निरोगी डोळा एका अंशाचा साठावा भाग ओळखतो, म्हणजे दोन मीटरवर अर्ध्या मिलिमीटरची रेघ. आता मान सावकाश वळवा, सेकंदाला पन्नास अंश. चष्म्याला नवं चित्र काढायला सेकंदाचा पन्नासावा भाग लागला तरी ते एका अंशानं मागे राहतं. भिंतीवर हा फरक साडेतीन सेंटीमीटर होतो. पद्मपाणीचा डोळा त्याच्या गालावर उतरतो. म्हणून लेण्यात सावकाश बघणाऱ्यालाच हा चष्मा साथ देईल, आणि अजिंठा बघायची खरी रीतही तीच आहे.

इथे आपल्या माणसांचं काम सांगायला हवं. नाशिकचे रमेश रासकर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले आणि पुढे एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये त्यांनी कॅमेऱ्याचं विज्ञानच बदललं. २०१० च्या सुमारास त्यांच्या गटानं 'नेत्र' नावाची जोडणी केली. फोनच्या पडद्यावर एक छोटं भिंगसाधन बसवायचं, डोळा लावायचा, दोन रेघा जुळेपर्यंत बटण दाबायचं, आणि चष्म्याचा नंबर हाती येतो. डोळ्याजवळच्या पडद्याचं शास्त्र खेड्यातल्या डोळे तपासणीसाठी वापरण्याचा हा विचार मला फार मोठा वाटतो. त्यांच्याबरोबर काम केलेले क्षितिज मारवा भारतात परतले, त्यांनी टेसरॅक्ट ही कंपनी काढली, आणि तिचाच ७५ ग्रॅमचा जिओ ग्लास २०२० मध्ये जाहीर झाला.

रासकरांचं आणखी जुनं काम आपल्या उपयोगाचं आहे. २००१ मध्ये त्यांनी ताजमहालाच्या पांढऱ्या प्रतिकृतीवर प्रक्षेपकांनी रंग आणि ऊन-सावली टाकून दाखवली. चष्म्याची गरजच नाही, वस्तूच बोलू लागते. कल्याणच्या पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शांबरिक खरोलिकेचे, म्हणजे मॅजिक लँटर्नचे, खेळ केले, त्या परंपरेतलं हे काम आहे. खऱ्या लेण्यात मला ते नको, कारण तिथे उजेड पुन्हा भिंतीवर पडतो. फर्दापूरजवळच्या पर्यटक केंद्रात १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या प्रतिकृती उभारल्या आहेत. प्रक्षेपक तिथे लावा, हवे तेवढे लावा. मूळ भिंतीसमोर चष्मा आणि तोही मंद.

चष्म्यात दाखवायचं काय, याबद्दल माझं मत पक्कं आहे. पापुद्रे गळालेल्या जागी संगणकानं सुचवलेले हात आणि चेहरे भरून टाकण्याचा मोह होणार. तो मी चुकीचा मानतो. आपल्याकडे कल्पनेची गरज नाही, पुरावे आहेत. ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत नकला केल्या. त्यांतल्या अनेक लंडनच्या दुसऱ्या आगीत गेल्या, तरी छापील खंड उरले. पुढे लेडी हेरिंगहॅमबरोबर नंदलाल बोस नकला करायला आले. निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात चार खंड काढले. अलीकडे बिनॉय बहल यांनी आहे त्या अंधुक उजेडात छायाचित्रं घेतली. नाशिकचे प्रसाद पवार यांनी वर्षानुवर्षं तोच ध्यास घेतला. भिंतीवरच्या एकाच जागेची दीडशे वर्षांतली ही रूपं एकावर एक बसवता येतील. आज जिथे फक्त मातीचा गिलावा दिसतो तिथे १८८० साली काय होतं, ते कुणी उतरवलं, हे चष्म्यात दिसू द्या. जिथे पुरावा नाही तिथे गिलावाच दिसू द्या.

गाइड मंडळींनी मला विचारलं, चष्मा आला की आमचं काय? पहिल्या लेण्यातल्या बुद्धमूर्तीवर डावीकडून, उजवीकडून, समोरून उजेड धरून चेहऱ्यावरचे तीन भाव तुम्ही दाखवता. कुठे उभं राहायचं आणि किती वेळ गप्प राहायचं हे तुम्हाला ठाऊक आहे. चष्म्याची कळ तुमच्या हातात असावी, असं माझं मागणं आहे. तुम्ही सांगाल तेव्हा दोन मिनिटं चित्र उमटेल आणि मग काच पुन्हा साधी काच होईल. श्वासाचा दमटपणा मात्र कुठलाही चष्मा कमी करू शकत नाही. आत किती माणसं सोडायची हे माणसांनाच ठरवावं लागेल.

बाहेर ओसरीवर एक टेबल मांडलं आहे. त्यावर पुठ्ठ्याच्या चाळीस पेट्या आहेत. प्रत्येकीत दोन साधी भिंगं आणि लेण्यांचं एक जोडचित्र. आमच्या मुलांनी ही चित्रं दरीपलीकडच्या टेकडीवरून मोबाइलनं काढली. एक फोटो काढून सहा सेंटीमीटर सरकल्यावर दुसरा काढला, तेव्हा सगळं सपाटच दिसलं. एवढ्या लांबच्या कड्यासाठी दोन डोळ्यांतलं अंतर पुरत नाही. मग ती आठ-दहा पावलं सरकली आणि पुन्हा फोटो काढला. आता घळ खोल दिसते, आणि लेण्यांची दारं एकामागे एक वळत जातात. पेटीला मागून उजेड लागतो, तेव्हा ती उन्हाकडे तोंड करून धरा. आणि आधी मुलांना बघू द्या.